कॉमर्सचं पहिलं वर्ष आलं कुठून?

आजचा विषय लढाईचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. तोफा, किल्ले, मोहिमा हे सगळं ऐकायला तुम्ही येता. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, कुठून कुठून मराठी मंडळी ऐकतात. पण आज मला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाबद्दल बोलायचं आहे. त्यातही इतिहास आहे, आणि एक फौजी माणूसही आहे.

निमित्त असं झालं. माझ्या पलटणीतले एक सुभेदार, सातारा जिल्ह्यातले, रिटायर होऊन आता बरीच वर्षं झाली. जूनमध्ये त्यांचा फोन आला. "साहेब, नातीनं कॉमर्स घेतलंय. फर्स्ट इयरला. त्यात नेमकं शिकवतात काय? नुसतं हिशेब लिहायचंच शिकायचं असलं तर कॉलेज कशाला?"

मी म्हटलं, सुभेदारसाहेब, विचार करून सांगतो. खरं म्हणजे या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच द्यायला हवं होतं. ते का, ते पुढे येईल.

आपल्याकडे हिशेब लिहिणं नवीन नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द पेशवाईच्या दप्तरात मोडीमध्ये सापडतात आणि आज महाराष्ट्रातल्या अकरावीच्या पुस्तकातही छापलेले असतात. इंग्रज आले, गेले, कॉम्प्युटर आला, पण तेरीज तशीच राहिली. तिकडे व्हेनिसमध्ये लुका पाचिओली नावाच्या धर्मगुरूने १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत पुस्तकात छापली. त्यानं ती शोधली नाही, व्यापारी आधीपासून वापरत होते. त्यानं ती लिहून काढली. पण हे सगळं शिकायची जागा एकच होती, पेढी. मुलगा बापाच्या किंवा मुनीमजींच्या शेजारी बसायचा आणि शिकायचा. ज्याच्या घरी पेढी नाही, त्याला हे ज्ञान नाही. सैनिकाच्या, शेतकऱ्याच्या घरी पेढी कुठली?

ही विद्या पेढीच्या बाहेर यायला लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. मद्रासमध्ये पचैयप्पा धर्मादाय निधीच्या विश्वस्तांनी १८८६ साली कॉमर्सची शाळा काढली. १८९५ मध्ये कालिकतला एक निघाली. १९०३ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात वर्ग सुरू झाले. मुंबईत सोराबजी दावरांनी १९०० साली आपलं खासगी कॉलेज काढलं होतं. अशा वर्गांमध्ये मुख्य भर टायपिंग, शॉर्टहँड, बुककीपिंग यांवर. म्हणजे गोऱ्या साहेबाच्या कंपनीत कारकून लागावा इतपत.

आता इंग्लंडमध्ये काय चाललं होतं बघा. १९०२ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात विल्यम अॅश्ली यांनी कॉमर्सची फॅकल्टी उभी केली. ते काय म्हणाले, तर हा अभ्यासक्रम व्यापाराच्या सैन्यातल्या शिपायांसाठी नाही, अधिकाऱ्यांसाठी आहे. शब्द माझे, पण उपमा त्यांचीच, सैन्याचीच. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीत सरळ होऊन बसलो. कारण अधिकारी आणि शिपाई यांच्यातली ती रेघ मी आयुष्यभर पाहिली आहे, आणि एका ठिकाणी ती रेघ ओढून मी चूकही केली आहे.

मुंबईत १९१३ साली सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झालं. आज ते चर्चगेटला बी रोडवर आहे. आशियातलं पहिलं कॉमर्स कॉलेज असं सर्रास सांगतात. टोकियोत त्याच्या कितीतरी आधी सरकारी उच्च वाणिज्य शाळा होती, त्यामुळे 'आशियातलं पहिलं' म्हणताना मी जरा थांबतो. पण हिंदुस्थानात कॉमर्सची पदवी, म्हणजे बी.कॉम., रुजवणारं कॉलेज हेच.

हे सिडनहॅम कोण? जॉर्ज सिडनहॅम क्लार्क, १९०७ ते १९१३ मुंबईचे गव्हर्नर. मराठी माणसाला हे नाव दुसऱ्या कारणासाठी आठवतं. १९०८ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना मंडालेला पाठवलं, ते यांच्याच कारकिर्दीत. पण हे क्लार्कसाहेब मुळात लष्करी अधिकारी होते, रॉयल इंजिनिअर्सचे. इजिप्त आणि सुदानच्या मोहिमांत होते. तटबंदी या विषयावर त्यांचं जाडजूड पुस्तक आहे. म्हणजे देशातलं पहिलं मोठं कॉमर्स कॉलेज एका सॅपरच्या नावाने आहे! आमच्याकडे इंजिनिअर्सची मंडळी आधीच कॉलर ताठ करून फिरतात, त्यांना हे सांगू नका.

आता १९१३ हे साल जरा नीट बघू, कारण खरी गोष्ट इथेच आहे.

वंगभंगानंतर, १९०५-०६ पासून, स्वदेशीच्या लाटेत देशभर नवीन बँका निघाल्या होत्या. आपली बँक, आपल्या माणसांची. लोकांनी विश्वासाने पैसे ठेवले. यातल्या बऱ्याच बँकांचं स्वतःचं भांडवल तुटपुंजं, ठेवी मोठ्या, आणि हाताशी रोकड कमी. लंडनमध्ये जॉन मेनार्ड केन्स नावाचा तीस वर्षांचा अर्थशास्त्रज्ञ होता, पुढे जगप्रसिद्ध झाला. त्याचं पहिलं पुस्तक हिंदुस्थानच्या चलनावर, तेही १९१३ चंच. त्यात त्यानं बजावलं होतं की वाईट दिवस आले की या छोट्या बँका पटापट कोसळतील. तो हिंदुस्थानात कधी आलाही नव्हता. त्यानं फक्त ताळेबंद वाचले होते.

पुस्तक आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लाहोरची पीपल्स बँक बंद पडली. नोव्हेंबरात मुंबईची इंडियन स्पेसी बँक गेली. स्पेसी बँक चांदीच्या सट्ट्यात खोल अडकली होती. त्यापाठोपाठ पुढची चार-पाच वर्षं डझनावारी बँका बुडाल्या. या बुडीत बँकांच्या कहाण्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कागदावर नफा दाखवायचा, त्यावर लाभांश वाटायचा, आणि लाभांश बघून आणखी लोक ठेवी आणून देणार. नफा झालेलाच नसायचा. लाभांश जायचा तो ठेवीदाराच्याच पैशातून.

त्याच १९१३ मध्ये सरकारने नवा कंपनी कायदा केला, तो १ एप्रिल १९१४ पासून लागू झाला. कंपनीने कोणती पुस्तकं ठेवायची, ताळेबंद कोणत्या नमुन्यात द्यायचा, तो कोण तपासणार, हे त्यात आलं. कायदा झाला, पण तपासायला माणसं कुठायत? म्हणून १९१८ मध्ये मुंबई सरकारने अकाउंटन्सीचा सरकारी डिप्लोमा सुरू केला, जी.डी.ए. डिप्लोमा घ्यायचा, मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाच्या हाताखाली तीन वर्षं उमेदवारी करायची, मग देशभर ऑडिट करायची मुभा. आजचा सी.ए. त्याच वाटेवरून १९४९ च्या कायद्यापर्यंत आला.

म्हणजे कॉलेज, कायदा आणि बँकांचं दिवाळं, तिन्ही एकाच वर्षातले. कॉमर्सच्या अभ्यासक्रमाचा साचा याच काळात घट्ट झाला: हिशेब, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, बँकिंग, थोडा व्यापारी भूगोल. आज फर्स्ट इयरच्या विषयांची नावं बदलली, सेमिस्टर आली, पण हाडं तीच.

सिडनहॅमचे सुरुवातीचे प्राचार्य पर्सी अॅन्स्टी, १९२० मध्ये मुंबईत कॉलऱ्याने गेले. त्यांच्या पत्नी व्हेरा अॅन्स्टी पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकवायच्या, आणि हिंदुस्थानच्या आर्थिक विकासावरचं त्यांचं पुस्तक कित्येक वर्षं वापरात होतं. पण या कॉलेजात आलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे नोव्हेंबर १९१८ मध्ये राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पगार महिना साडेचारशे रुपये. त्याआधी त्यांनी शेअरबाजाराबाबत सल्ला देणारी एक पेढी काढून पाहिली होती. सल्लागार महार आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं येईनाशी झाली. कॉलेजातसुद्धा, प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. अर्थशास्त्राची पदवी कोलंबियाची, आणि भांडण पाण्याच्या भांड्याचं. वर्गात मात्र मुलं ऐकायची, बाहेरच्या कॉलेजांतली मुलंही परवानगी काढून येऊन बसायची. काटकसरीने पैसे साठवून, शाहू महाराजांची मदत घेऊन, १९२० मध्ये नोकरी सोडून ते लंडनला परत गेले आणि रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध पुरा केला.

मला यात एक वेगळी गोष्ट दिसते. बाबासाहेब सुभेदाराचे चिरंजीव. वडील रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. मी महूला कोर्ससाठी गेलो तेव्हा तरुण होतो, सगळं लक्ष सँड मॉडेलवर. ज्या छावणीत एक सुभेदार शिपायांना आणि त्यांच्या मुलांना शिकवत होता, तिथेच आम्ही अधिकारी शिकत होतो. आणि आम्ही आमच्या शिपायांना काय शिकवलं?

हा माझ्यापुरता प्रश्न आहे, म्हणून सांगतो.

पलटणीत दर तिमाहीला रेजिमेंटल फंडांचं ऑडिट बोर्ड बसतं. नवीन लेफ्टनंट त्यावर हमखास असतो. कॅश बुक, व्हाउचर, बँकेचं स्टेटमेंट जुळलं की सही. मी अशा कितीतरी सह्या केल्या. त्यामुळे मला वाटायचं, हिशेब आपल्याला कळतो.

सुभेदार रिटायर झाले, ग्रॅच्युइटी आणि फंड हातात आला. एका पतसंस्थेत ठेवायचा विचार होता, व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त. त्यांनी मला पतसंस्थेचा छापील अहवाल पाठवला. "साहेब, तुम्ही एकदा नजर टाका." मी नजर टाकली. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळलेला, नफा वाढता, ऑडिटरची सही. मी फोनवर म्हटलं, "चांगली दिसतेय." त्यांनी पैसे ठेवले.

दोन-तीन वर्षांनी माझ्या निवृत्तीची वेळ आली. सेनेतर्फे निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांना व्यवस्थापन संस्थांमध्ये कोर्सला पाठवतात, तसा सहा महिन्यांचा कोर्स मी केला. वर्गात आम्ही कर्नल, ब्रिगेडियर, आणि समोर आमच्या मुलाच्या वयाचे प्राध्यापक. पहिल्या आठवड्यात त्यांनी तेरीज मांडायला दिली. अर्ध्या वर्गाची जुळली नाही. ज्यांची जुळली ते खूश. मग ते म्हणाले, जुळली याचा अर्थ फक्त बेरीज बरोबर आहे. खर्च चुकून मालमत्तेत लिहिला तरी तेरीज जुळते. नोंद मुळातच गाळली तरी जुळते. दुसरा तास त्यांनी एका वाक्यावर काढला: नफा आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्याज मिळालं नसलं तरी 'येणे' म्हणून उत्पन्नात धरता येतं.

त्या रात्री मेसमध्ये मला जेवण गेलं नाही. घरी आल्यावर तो जुना अहवाल काढला. मालमत्तेच्या बाजूला सातवी ओळ: 'येणे व्याज'. आदल्या वर्षीपेक्षा दुप्पट, आणि त्या वर्षीच्या नफ्यापेक्षा मोठी. म्हणजे कर्जदार व्याज भरत नव्हते आणि पतसंस्था ते न आलेलं व्याज नफा म्हणून दाखवत होती. १९१३ च्या बँकांचा जुनाच खेळ. ओळ छापलेली होती. मीच वाचली नव्हती.

मी लगेच फोन केला. उशीर झाला होता. ठेवी परत देणं त्या महिन्यातच थांबलं होतं. पुढे प्रशासक आला, काही वर्षांत हप्त्याहप्त्याने थोडी रक्कम मिळाली. सुभेदारांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. उलट म्हणाले, "साहेब, तुम्ही तरी काय करणार, सही तर मोठ्या माणसाची होती."

ते वाक्य मला अजून टोचतं. पंचवीस वर्षं बडाखान्यात शिपायांसमोर भाषणं केली, पैसे जपून वापरा म्हणून. ताळेबंद कसा वाचायचा हे एकदाही सांगितलं नाही, कारण मला येत नव्हतं, आणि येत नाही हेही मला माहीत नव्हतं. अॅश्ली म्हणाले ही विद्या अधिकाऱ्यांसाठी. आपल्याकडे ती पुष्कळदा कारकून घडवायला वापरली. पण ज्याची आयुष्यभराची पुंजी एका पावतीवर अवलंबून असते, त्या ठेवीदारापर्यंत ती पोचलीच नाही. तो कॉमर्सला गेला नाही म्हणून त्याला ताळेबंद वाचता येत नाही, आणि त्याची ठेव मात्र त्याच ताळेबंदात असते.

तर जूनमधल्या त्या फोनला मी उत्तर दिलं. म्हटलं, सुभेदारसाहेब, हिशेब लिहायला तर शिकवतातच. पण दुसऱ्याने लिहिलेला हिशेब वाचायलाही शिकवतात, आणि त्यासाठी कॉलेज हवं. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग जाऊ द्या तिला."

तो पिवळा पडलेला अहवाल मी पोस्टाने त्यांच्या नातीला पाठवला आहे. कुठल्या ओळीत काय आहे ते सांगितलेलं नाही. तिच्या कॉलेजात सध्या खतावणी चालू आहे, ताळेबंद दिवाळीच्या सुमारास येईल असं ती म्हणते.