मळमळीच्या गोळीचं मत्स्यकुळ

मळमळ थांबवणारं डॉमपेरिडोन माशाला अंडी सोडायला लावतं. ‘ओव्हाप्रिम’ या इंजेक्शनच्या एका मिलिलिटरमध्ये ते 10 मिलिग्रॅम असतं. मादीच्या वजनाच्या किलोमागे अर्धा मिलिलिटर मात्रा धरली, तर दोन किलोच्या रोहूला माणसाच्या एका गोळीएवढं औषध मिळतं. तळ्यात सोडायच्या बोटुकलीची, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाची, कुळकथा या योगायोगाशी येऊन थांबते. खरं तर एकच औषध दोघांना लागू पडणं हा योगायोग नाहीच.

कटला, रोहू, मृगळ हे भारतीय कार्प मासे तळ्यात अंड्यांनी भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती सोडत नाहीत. त्यांना पूर हवा. धर्माबाद तालुक्यातल्या, गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची दारं सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी असतात. हे ठरलं पाणीवाटपासाठी, पण पुराचा आणि माशांच्या विणीचा काळही बराचसा त्यातच येतो. पुराची चाहूल लागली की मेंदू पीयूषिका ग्रंथीला आज्ञा देतो आणि तिचा स्राव अंडाशयाला जागं करतो.

तळ्यात ही आज्ञा सुटत नाही. मग दुसऱ्या माशाची ग्रंथीच टोचली तर?

10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुलला मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी हे साधलं. म्हणून 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन. मूळपुरुषाचा मान मात्र वादाचा आहे. अर्जेंटिनात बर्नार्डो हुसे यांनी 1930 मध्येच माशाला माशाची पीयूषिका टोचली होती आणि त्याच दशकात ब्राझीलमध्ये रोडॉल्फो फॉन इहेरिंग यांनी तशी वीण घडवली. कल्पना दक्षिण अमेरिकेची, हे मान्य करायलाच हवं; भारतीय कार्पच्या मत्स्यबीजाचा धंदा मात्र अंगुलचाच वंशज.

ग्रंथी मिळत बाजारातल्या माशांची डोकी फोडून. ती अल्कोहोलमध्ये ठेवायची, मग वाटून टोचायची, मादीला सहसा दोनदा. पण ग्रंथीचा जोर माशाच्या वयावर आणि हंगामावर ठरे.

या अडचणीचं उत्तर सापडलं ते चीनच्या लिन हाओरान आणि कॅनडाच्या रिचर्ड पीटर यांच्या पद्धतीत. कार्पकुळातल्या माशांत डोपामिन पीयूषिकेला लगाम घालतं. मेंदूची आज्ञा नेणाऱ्या संप्रेरकाची कृत्रिम नक्कल एकटी टोचली तर हा लगाम तिला पुरता चालू देत नाही. डॉमपेरिडोन तो सोडवतं. श्रेय बहुधा कृत्रिम संप्रेरकाला जातं, पण कार्पच्या बाबतीत अर्धा वाटा नक्कीच या औषधाचा.

आणि माणसात? तिथंही ते डोपामिनलाच अडवतं. त्यामुळे उलटी थांबते, पण काही जणांत दूध आणणारं प्रोलॅक्टिनही वाढतं. ते स्रवतं पीयूषिकेतूनच.