बाटली क्रमांक ५३-एन

परळच्या हाफकिन संस्थेवरून आपण अनेकदा जातो, पण ज्यांचे नाव तिला दिले आहे त्या माणसाला एकोणीस मृत्यूंचा आरोप सोसावा लागला होता, हे फारसे कुणाला आठवत नाही.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग फुटला आणि ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन येथे आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना थोडीशी जागा मिळाली आणि मदतीला एक कारकून व तीन शिपाई. चंबूतल्या पोषक रश्शात ते प्लेगचे जंतू वाढवत. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवलेले असत. जंतू त्या थेंबांना धरून वाढत आणि जळमटांसारखे खाली लोंबू लागत. चंबू हलवला की जळमटे गळून तळाशी बसत आणि वर नवी धरत. हीच प्लेगच्या जंतूंची ओळख. मग तासभर उष्णता देऊन जंतू मारायचे, वर थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे, की लस तयार! १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

पुढे लस देशभर जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल गावी १०७ जणांना ती टोचली गेली. त्यांपैकी एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांना लस दिली गेली होती ती एकाच बाटलीतून, ५३-एन मधून. बाकीच्या बाटल्यांनी कुणालाही अपाय झाला नाही.

चौकशीत ठपका बसला तो मुंबईच्या प्रयोगशाळेवर. लस लवकर तयार व्हावी म्हणून तेथे कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवली जात होती. हाफकिन यांना पद सोडावे लागले.

पण जंतूंचा स्वभाव वेगळेच सांगत होता. धनुर्वाताचे जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढले, तर त्यांची दुर्गंधी लपत नाही. बूच काढताना तशी दुर्गंधी कुणाला आली नव्हती. शिवाय बाटलीत विष आधीच साठलेले असते, तर रोगाची लक्षणे लगेच दिसली असती. ती दिसली आठवडाभराने. याचा अर्थ, जंतू त्याच दिवशी आत शिरले होते. त्या दिवशी बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात!

रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये हे जाहीरपणे मांडले. त्याच वर्षी हाफकिन दोषमुक्त झाले. पण उमेदीची पाच वर्षे गेली ती गेलीच. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले ते १९२५ साली.

खाली पडलेले उपकरण नीट निर्जंतुक केल्याशिवाय हाती घ्यायचे नाही, हा नियम आज प्रयोगशाळेतल्या नवशिक्यालाही ठाऊक असतो. मुलकोवालची एकोणीस माणसे मात्र तो न पाळल्याने गेली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)