एफएससीके : दुरुस्ती नेमकी कशाची?

पूर्वी युनिक्स संगणकाची वीज अचानक गेली की डिस्कवर अर्धवट लिहिलेल्या नोंदी उरत. 'आयचेक' आणि 'डीचेक' ही साधने मुख्यतः दोष दाखवीत, निस्तरणे माणसाकडे. १९७० च्या दशकात बेल लॅब्सचे टी. जे. कोवाल्स्की यांनी 'एफएससीके' लिहून तपासणी व दुरुस्ती एकत्र आणली. बेवारस फाइली 'लॉस्ट अँड फाउंड' या निर्देशिकेत जात. (नाव किती समर्पक!)

मात्र या साधनाला नोंदवहीचा मेळ हवा असतो. फाइलीतला मजकूर खरा की खोटा, हे ते पाहत नाही.

पुढे १९८८ मध्ये बर्कलीत पॅटरसन, गिब्सन व कॅट्झ यांनी 'रेड' मांडले : अनेक स्वस्त डिस्क, पण वरून दिसणार एकच. धोका इथेच आहे. डिस्कचा क्रम चुकीचा जुळला, तर शाबूत नोंदीही एफएससीकेला विसंगत दिसतात आणि ते त्या इमानेइतबारे पुसून टाकते. म्हणून जाणते व्यवस्थापक आधी डिस्कच्या प्रती घेतात, रचना पडताळतात, मग काहीही न लिहिता नुसती तपासणी करतात.

एक्सएफएस या फाइल-व्यवस्थेत तर एफएससीकेची आज्ञा काहीच न करता परतते. दुरुस्तीसाठी 'एक्सएफएस रिपेअर' मुद्दाम चालवावे लागते.