मुसारामबागेचा मुसाराम

मलकपेठेहून दिलसुखनगरकडे जाताना मेट्रो मुसारामबागला थांबते. हा मुसाराम कोणी रामभक्त असावा, असा आपल्यातल्या अनेकांचा समज आहे. तो होता मस्यू रेमंड, १७५५ साली फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतात जन्मलेला व्यापाऱ्याचा मुलगा. हिंदूंच्या तोंडी तो मुसाराम झाला, मुसलमानांच्या मुसा रहीम.

१७७५ मध्ये तो माल घेऊन पाँडिचेरीला आला आणि तराजू सोडून तलवारीकडे वळला. आधी म्हैसूरची चाकरी, मग बुसीच्या हाताखाली, शेवटी निजामअली खानाकडे. तिथे जहागीर मिळाली, ‘अजदर जंग’ हा किताब मिळाला. व्यापाऱ्याचा पोर उमराव झाला! त्याच्या तोफांच्या कारखान्याचे नाव गनफाउंड्री वस्तीला आजही आहे.

आपल्याला मात्र तो खर्ड्याच्या बाजूने आठवायला हवा. ११ मार्च १७९५ रोजी जामखेडजवळच्या खर्ड्यावर मराठ्यांसमोर निजामाच्या बाजूने त्याच्या पलटणी उभ्या होत्या, आणि मराठ्यांकडून शिंद्यांचे कवायती पायदळ घेऊन पेराँ हा दुसरा फ्रेंच. रेमंडच्या पलटणी टिकल्या. कच खाल्ली ती निजामाने. जनान्यासह तो मागे सरला, रेमंडलाही मागे बोलावले आणि रात्रीत सैन्य उधळले. दौलताबाद, कोट्यवधींची खंडणी आणि खुद्द दिवाण पुणेकरांच्या हाती आला. पण त्याच ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले आणि गृहकलहात ती मिळकत विरली. आपण खर्ड्याचा विजय सांगतो, पुढचे वर्ष सांगत नाही. आणि त्या काळी सगळे मराठे पुण्याच्याच बाजूला होते असेही नव्हे. राव रंभा निंबाळकरांचे घराणे निजामाचेच सरदार.

लढाईत तटस्थ राहिलेल्या इंग्रजांच्या पलटणी निजामाने काढून टाकल्या. शहजादा अलीजाहचे बंड रेमंडनेच मोडले. त्यामुळे दरबारात त्याचे वजन वाढले आणि इंग्रजांच्या डोळ्यांत तो सलू लागला. २५ मार्च १७९८ रोजी, बेचाळिसाव्या वर्षी तो वारला. विषाची कुजबुज झालीच. सप्टेंबरात निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला आणि २२ ऑक्टोबरला रेमंडच्या सुमारे चौदा हजार शिपायांनी, पगार थकलेल्या स्थितीत, हत्यारे खाली ठेवली. पुणे दरबारावर तीच पाळी चार वर्षांनी, वसईच्या तहाने आली.

टेकडीवर त्याची समाधी आहे: काळ्या दगडाची, वर ‘जे. आर.’ ही अक्षरे, शेजारी उंच स्तंभ. एके काळी पुण्यतिथीला इथे उरूस भरे, दिवे लागत, उदबत्त्या जळत. निजामाकडून त्या दिवशी चिरूटांची पेटी आणि बिअरची बाटली येई, असे सांगतात.