उपग्रहदर्शित स्थानाचें शोधन : एका समजुतीची परीक्षा

अमेरिकेच्या संरक्षणखात्यानें जीपीएस उपग्रहांच्या संदेशांत बुद्धिपुरस्सर दोष घातला, व केवळ त्याच्या निवारणार्थ किनाऱ्यावरील 'डीजीपीएस' शोधनकेंद्रें जन्मास आलीं, अशी समजूत नौकानयनाविषयीं लिहितांना अनेकदां व्यक्त होते. कालानुक्रम तपासतां ती अंशतःच खरी ठरते.

प्रथम पद्धतीचें स्वरूप पाहूं. ज्याचे अक्षांश-रेखांश मोजणीनें निश्चित आहेत अशा जागीं ग्राहकयंत्र ठेवतात. प्रत्येक उपग्रहाचें अंतर संदेशावरून किती येतें व वस्तुतः किती असावें, यांतील फरक तेथें काढून रेडिओनें नौकांस कळवितात. उपग्रहाचें घड्याळ, कक्षा व वातावरण यांमुळें येणारे दोष केंद्र आणि जवळची नौका यांस बहुतांशीं समान असल्यानें वजा होतात. एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या दोन पोथ्यांत मूळची चूक सारखी येते, परंतु हस्तदोष ज्याच्या त्याच्या लेखकाचा असतो. तद्वत् नौकेच्याच डोलकाठीवरून परावृत्त झालेल्या संदेशाचा दोष केंद्रास सुधारतां येत नाहीं. शिवाय केंद्र जसजसें दूर पडतें तसतसें दोषांतील साम्यही घटतें.

आतां प्रमाणें. पहिलें असें कीं, ही कल्पना जीपीएसपूर्वींची आहे. 'ओमेगा' ह्या दीर्घलहरी रेडिओपद्धतीचे दोष ज्ञात स्थळावरून मोजून नौकांस कळविण्याची योजना इ. स. १९७० नंतरच्या दशकांतच प्रचारांत होती. दुसरें, सागरी रेडिओसेवेच्या अमेरिकन आयोगानें जीपीएसच्या शोधनसंदेशांचा नमुना ठरविण्याकरितां आपली १०४ क्रमांकाची समिति १९८३ त नेमली. कृत्रिम दोष प्रत्यक्ष लागू झाला तो मार्च १९९० मध्यें. तो घालण्याचा मनोदय पूर्वींच ठाऊक होता, हें मात्र मान्य केलें पाहिजे.

तिसरें प्रमाण अधिक बलवत्तर आहे. दोषयुक्त संदेशानें सुमारें १०० मीटरपर्यंत चूक संभवे. बंदराच्या मुखांत शिरतांना ८ ते २० मीटरांची अचूकता अपेक्षित होती. अमेरिकन तटरक्षकदलानें दिशादर्शक रेडिओकेंद्रांच्या जुन्या लहरींवरच, २८५ ते ३२५ किलोहर्ट्झ ह्या पट्ट्यांत, शोधनसंदेश सोडून चूक १० मीटरांच्या आंत आणली. ही सेवा १९९६ त सुरू होऊन १९९९ त पूर्णत्वास गेली. मे २००० मध्यें अध्यक्ष क्लिंटन यांच्या आज्ञेनें कृत्रिम दोष काढण्यांत आला. केवळ त्याचाच परिहार हा हेतु असता, तर केंद्रें त्याच वर्षीं निरर्थक ठरतीं. परंतु तीं २०२० पर्यंत चाललीं. कारण नैसर्गिक दोष उरलेच होते. शिवाय एखादा उपग्रह बिघडल्यास त्याची सूचना नाविकास कांहीं सेकंदांत केंद्रांकडूनच मिळे.

सारांश, कृत्रिम दोषानें ह्या पद्धतीच्या प्रसारास निकड आणली, जन्म दिला नाहीं. अनिश्चिताची परीक्षा निश्चितावरून करावी, हें तिचें मूळ. आणि तें संशोधकांस नवीन नाहीं.