तलाक : शब्द, कागद आणि पुरावा

पिंपळगाव राजासारख्या गावात उर्दू शाळेचा शिक्षक म्हणजे कागद वाचून देणारा माणूस. निकाहनामा उर्दूत, न्यायालयाचे समन्स मराठीत. दोन्ही घेऊन लोक आमच्याकडे येतात. कधी टपालाने आलेला तलाकनामाही असतो. "सर, यावर सही आहे, म्हणजे सगळं संपलंच ना?" हा प्रश्न ठरलेला. उत्तर देण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

हनफी फिकहनुसार नवरा परागंदा झाला किंवा पोसत नसला, तरी स्त्रीची सुटका जवळजवळ अशक्य होती. निकाहातून सुटण्यासाठी पंजाबात काही स्त्रिया धर्म सोडू लागल्या. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन मार्ग दाखवला आणि १९३९ साली मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. चार वर्षे नवऱ्याचा पत्ता नसणे, दोन वर्षे खर्च न देणे, क्रूर वागणूक अशा कारणांवरून स्त्री आजही न्यायालयातून निकाह रद्द करून घेऊ शकते.

पुरुषाचा शब्द मात्र अनेक वर्षे बिनपुराव्याचा चालला. पत्नीने पोटगी मागितली, की नवरा लेखी जबाब देई : हिला मी केव्हाच तलाक दिला आहे. २ मे २००२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात ही वाट बंद केली. तलाकला योग्य कारण होते आणि त्याआधी दोन्ही घरच्या लवादांनी समेटाचा प्रयत्न केला होता, हे नवऱ्याने शाबीत केले पाहिजे. आधार होता सूरह निसाच्या पस्तिसाव्या आयतीचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही हेच तत्त्व मान्य केले. एकाच बैठकीतला तिहेरी तलाक २०१७ मध्ये रद्द ठरला. २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा झाला.

तेव्हा नुसत्या सहीने काही संपत नाही. वेगळे व्हायचेच असेल, तर आधी दोन्हीकडची वडीलधारी माणसे बसवावीत. बैठकीची तारीख, हजर माणसे आणि काय ठरले, हे लिहून सह्या घ्याव्यात. दोघेही राजी असतील तर मुबारात, पत्नीला सुटका हवी असेल तर खुला; नवरा अडून बसला तर १९३९ चा कायदा आहेच. मेहर बाकी असेल तर ती द्यावी. इद्दतीच्या काळातच पत्नीच्या पुढील आयुष्याचीही वाजवी तरतूद करावी लागते, असे २००१ च्या दानियल लतीफी निकालाने स्पष्ट केले. तलाकपीडित मुस्लिम स्त्रीला सर्वसाधारण फौजदारी कायद्याखालीही पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा सांगितले. हा अर्ज स्त्री राहते तिथल्या न्यायालयात चालतो. आमच्या गावच्या लेकीने त्यासाठी नवऱ्याच्या गावी खेटे घालण्याची गरज नाही, तालुक्याचे खामगाव पुरे. विधी सेवा समितीकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो, तिचे उत्पन्न कितीही असो. निकाहनाम्याची प्रत आणि दिलेल्या-घेतलेल्या पैशांच्या पावत्या मात्र जपून ठेवाव्यात.

निकाहाला काझी लागतो, गवाह लागतात, मेहर ठरवावी लागते. तो मोडायला मात्र एक पाकीट पुरे, असे आमच्याकडे मानले गेले. गावात समेटाच्या बैठका आजही होतात, पण त्यांचा कागद होत नाही. तो कागद नसला, तर पुढे न्यायालयात कुणाचेच खरे शाबीत होत नाही : ना तिचे, ना त्याचे.