पुण्याचा कुंभार आणि खामगावची आत्या

यंदा श्रावणात खामगावला आत्याकडे गेलो, तेव्हा ती दाराशी उजेडात बसून ‘गजानन विजय’ वाचीत होती. शेगाव जवळच, त्यामुळे ही पोथी आमच्याकडे घरोघर. पण आत्याचा डावा हात कपाळावर होता. पापणीवरची सैल कातडी डोळ्यावर उतरली होती, ती बोटाने वर धरून बाईंचे वाचन चालले होते.

“ही कातडी कापून देतात म्हणे,” ती म्हणाली. “सूनबाईनं जाहिरात दाखवली. या वयात शोभंल का रे? अन् कापणारा बरा की वाईट, हे आपल्याला कसं कळावं?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. ज्याने पोथी दिसेल ते शोभेलच. आणि नुसते आरशासाठी करावेसे वाटले, तरी मी त्याला पाप म्हणणार नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र मी तिला थेट पेशवाईतल्या पुण्यात नेले.

१७९२ साली संपलेल्या टिपूवरच्या स्वारीत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा कुणबी होता. इंग्रजांनी त्याचे नाव ‘कावसजी’ असे लिहिले आहे. मला ते आपले कावजी असावे असे वाटते. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका माणसाने, म्हणजे बहुधा कुंभाराने, त्याला नवे नाक बसवून दिले.

ही कृती ऐकण्यासारखी आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा. तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, कडेने रेघ काढायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण दोन डोळ्यांच्या मधला देठ तोडायचा नाही, कारण रक्त पोचते ते तिथूनच. कातडी फिरवून खाली बसवली, की पाण्यात भिजवलेला काथ फडक्याच्या पट्ट्यांना लावून त्या वर चिकटवायच्या. चार दिवसांनी पट्ट्या काढून तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. देठ कापायचा तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. पानातला काथ आणि घरातले तूप!

टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या दोन डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचे चित्र काढले, आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये सारी हकीकत छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या लंडनच्या शस्त्रवैद्याने आधी मृतदेहांवर हात बसवला, आणि १८१४ साली जिवंत माणसावर तीच क्रिया केली. पुढे बर्लिनच्या ग्रेफेने १८१८ साली नाकाच्या शस्त्रक्रियेवर ग्रंथ लिहिला. पापणी नव्याने घडवण्याच्या शस्त्रक्रियेला ‘ब्लेफरोप्लास्टी’ हे नाव मिळाले तेही याच ग्रेफेकडून. आत्याला जाहिरातीत दिसलेला शब्द तोच.

पण पापणीची गोष्ट त्याहून फार जुनी आहे. केस आत वळून डोळ्याला टोचू लागले, तर वरच्या पापणीची कातडी कशी काढावी, हे सुश्रुताने लिहून ठेवले आहे: भुवईखालचे दोन भाग आणि केसांजवळचा एक भाग राखून मधला यवाच्या आकाराचा तुकडा काढावा आणि केसाने शिवावे. किती कापावे याआधी किती ठेवावे, हे त्याने सांगितले. आजही खरी मेख तीच आहे. कातडी जास्त गेली तर डोळा पुरता मिटत नाही, कोरडा पडतो. आणि रक्तस्राव डोळ्यामागे साठला तर, क्वचित का होईना, दृष्टीच जाण्याची भीती असते. शिवाय पापणी उचलणारा स्नायूच सैल झाला असेल, तर नुसती कातडी काढून भागत नाही.

सुश्रुत शिष्याला आधी कोहळ्यावर, दुध्यावर, काकडीवर कापायचा सराव करायला लावतो, आणि राजाची अनुज्ञा मिळाल्यावाचून वैद्यकी करू देत नाही. राजाच्या जागी आज मेडिकल कौन्सिलची नोंद आली. प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डी.एन.बी., नाहीतर पापण्यांचे खास शिक्षण घेतलेला नेत्रतज्ज्ञ, इतके तरी पाहावे. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंना मी पुरावा मानीत नाही. त्याऐवजी तोंडावर विचारावे: अशा पापण्या तुम्ही स्वतः किती केल्या? रात्री रक्त आले तर धावून कोण येईल? प्रश्नाचा राग येणारा डॉक्टर तिथेच सोडावा. विदर्भाला तर त्यासाठी मुंबईच गाठावी असेही नाही, डॉ. बालकृष्णन यांनी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला, तो देशातल्या पहिल्या विभागांपैकी.

आत्या सारे ऐकून म्हणाली, “त्या कुंभाराचं नाव काय रे?”

नाव कोणी लिहिलेले नाही. बैलवाल्याचे छापले, पाहणाऱ्या डॉक्टरांचे छापले, चित्रकाराचेही छापले.

“हात त्याचा, अन् नाव नाही!” आत्याला ते फार लागले.

नवरात्राआधी ती नागपूरला दाखवून आली. तिथल्या डॉक्टरांनी पापणीची कातडी हलकेच चिमटीत धरून तिला डोळा मिटायला लावला, दोनदा मोजले, आणि रक्त पातळ करण्याच्या तिच्या गोळ्यांबद्दल आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून या, असे सांगितले. आत्याने चिठ्ठीवर डॉक्टरांचे पूर्ण नाव लिहून घेतले आणि ती पोथीत ठेवली. भाऊबीज होऊ दे, मग तारीख घेऊ, म्हणते.